झोटेरोतले हायलाइट ऑब्सिडियनमध्ये येत नाहीत? प्लगइन बदलण्याआधी हे तपासा

ग्रंथालयात संशोधक विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर मी हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आले आहे. झोटेरो म्हणजे संदर्भ आणि पीडीएफ सांभाळणारा प्रोग्रॅम, ऑब्सिडियन म्हणजे नोट्स लिहायचा, आणि प्लगइन म्हणजे त्यांना जोडायचं जादा साधन. झोटेरोत महिनोन्‌महिने मन लावून वाचलेलं, रंगवलेलं, शेजारी टिपणं लिहिलेलं असतं. ते ऑब्सिडियनमध्ये आणायला गेलं की येत नाही, किंवा येतं ते मोडकं. येणारा प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, दुसरं कुठलं प्लगइन टाकू?" बहुतेक वेळा उत्तर असतं, कुठलंच नको. हायलाइट नेमका कुठे साठलाय हे आधी पाहू. ते कळलं की बिघाडही सापडतो आणि आपल्याला कुठलं प्लगइन लागतं तेही ठरतं.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते ओळखा. कंसातला आकडा खालच्या तपासणीचा आहे.

- प्लगइन चालवलं की काहीच होत नाही, किंवा झोटेरो सापडत नाही असा संदेश येतो. (१, ४)
- काही पेपरांची नोट तयार होते, काहींची होतच नाही. (३)
- लेखक, शीर्षक, वर्ष येतं. हायलाइटची जागा रिकामी. (२, ५)
- हायलाइट येतात, पण मराठी मजकूर तुटका किंवा अगम्य चिन्हांचा. (६)
- पान क्रमांक छापील पानाशी जुळत नाही. (७)
- पुन्हा इम्पोर्ट केल्यावर स्वतः लिहिलेलं पुसलं जातं, किंवा त्याच पेपरची दुसरी नोट तयार होते. (८)
- सगळं येतं, पण मांडणी विस्कटलेली किंवा टेम्प्लेटची (नोटेच्या साच्याची) चूक असल्याचा संदेश. (९)

सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं खर्च करा. झोटेरो पूर्ण बंद करा, होम फोल्डरमधलं झोटेरो नावाचं फोल्डर आणि ऑब्सिडियनचं व्हॉल्ट (नोट्सचं फोल्डर), दोन्हींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. झोटेरो उघडं ठेवून प्रत घेऊ नका. त्याच क्षणी काही लिहिलं जात असेल तर प्रत अर्धवट राहू शकते. ही प्रत न घेता मी कुणाच्याही लॅपटॉपला हात लावत नाही. तीन वर्षांचं वाचन त्यात असतं.

१. झोटेरो उघडं आहे का, आणि आवृत्त्या जुळतात का?

सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्लगइन म्हणजे झोटेरो इंटिग्रेशन. ते चालू असलेल्या झोटेरोशी बोलतं. झोटेरो बंद असेल तर समोर ऐकायलाच कुणी नसतं. शिवाय त्याला झोटेरोच्या बाजूला बेटर बिबटेक हे, नोंदींना ओळखनावं देणारं, प्लगइन बसवलेलं लागतं. ते आहे का आणि चालू आहे का, हे झोटेरोच्या प्लगइनच्या यादीत पाहा.

झोटेरो ७ ऑगस्ट २०२४ मध्ये आलं तेव्हा आतली चौकटच बदलली आणि आधीची प्लगइनं जशीच्या तशी चालेनाशी झाली. म्हणून झोटेरो अपडेट केल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर बेटर बिबटेकही अपडेट करा. जुन्या व्हिडिओंत झॉटफाइल हे जुनं प्लगइन वापरायला सांगतात. ते झोटेरो ७ वर चालत नाही आणि आता त्याची गरजही नाही. दुपारभर ते बसवण्याच्या खटपटीत असलेली मुलं मी पाहिली आहेत.

ऑब्सिडियनच्या बाजूला रिस्ट्रिक्टेड मोड बंद आहे ना, तेही बघा. तो चालू असेल तर बाहेरचं एकही प्लगइन चालत नाही. आणि हे सगळं लॅपटॉपवर किंवा डेस्कटॉपवर करायचं आहे. मोबाइलवरच्या ऑब्सिडियनमध्ये हे प्लगइन चालत नाही. तिथे आधी आणलेल्या नोट्स फक्त वाचता येतात.

२. हायलाइट साठलाय कुठे?

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मे बिघाड इथेच उलगडतात. झोटेरो ६, म्हणजे मार्च २०२२ पासून, झोटेरोत स्वतःचा पीडीएफ वाचक आहे. त्यात केलेले हायलाइट पीडीएफमध्ये लिहिले जात नाहीत, झोटेरोच्या डेटाबेसमध्ये जातात. तीच पीडीएफ तुम्ही ॲक्रोबॅटमध्ये किंवा मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडून रंगवली असेल, तर ते हायलाइट फाइलमध्ये बसतात. पडद्यावर दोन्ही सारखेच पिवळे दिसतात, पण घरं दोन.

पीडीएफ झोटेरोत उघडा आणि डावीकडच्या पट्टीत टिपणांची यादी पाहा. ज्या टिपणाला कुलपाचं चिन्ह आहे ते फाइलमधलं, बाहेरून आलेलं. वाचक उघडा असताना फाइल मेनूतून इम्पोर्ट ॲनोटेशन्स केलं की ते डेटाबेसमध्ये येतं, कुलूप जातं आणि मग ते बदलताही येतं. यात फाइलमधलं टिपण निघून झोटेरोकडे जातं, म्हणून मूळ फाइल मार्गदर्शकांना पाठवायची असेल तर तिची वेगळी प्रत आधी ठेवा.

आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्या. एकाच नोंदीखाली एकाच लेखाच्या दोन पीडीएफ असतात, एक आपोआप उतरलेली आणि एक आपण नंतर जोडलेली. रंगवलेली एक आणि आपण शोधतोय दुसरीत, असं वरचेवर होतं. कोरी असलेली काढून टाका.

३. पीडीएफ एकटी पडली आहे का?

फाइल ओढून झोटेरोत टाकली आणि तिची माहिती त्याला सापडली नाही, तर ती पीडीएफ नोंदीशिवाय नुसतीच राहते. मराठी मासिकांचे स्कॅन, जुने अहवाल, गॅझेटियरची प्रकरणं यांच्या बाबतीत हे नेहमीचं. अशा एकट्या फाइलला सायटेशन की, म्हणजे नोंदीचं छोटं ओळखनाव, मिळत नाही, आणि की नसेल तर इंटिग्रेशनला ती शोधताच येत नाही. फाइलवर राइट क्लिक करून क्रिएट पेरेंट आयटम निवडा. लेखक, शीर्षक, वर्ष हाताने भरा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढे संदर्भसूचीतही तेच उपयोगी पडतं.

४. दार उघडं आहे का?

झोटेरो संगणकाच्या आतल्या आत २३११९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, इतर प्रोग्रॅमांशी बोलतं. झोटेरो उघडं ठेवून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत १२७.०.०.१, त्यापुढे कोलन आणि २३११९ असं इंग्रजी आकड्यांत टाका. एन्डपॉइंट नाही अशा अर्थाची ओळ आली तर बिचकू नका, ती ओळ झोटेरोनेच दिली आहे. म्हणजे दार उघडं आहे. जोडणी होऊ शकली नाही असं ब्राउझर स्वतः म्हणाला, तर दार बंद आहे.

 दार बंद असेल तर व्हीपीएन बंद करून पाहा, प्रॉक्सी लावलेली असेल तर तपासा. लॅपटॉप स्वतःचा असेल तर इथपर्यंत करून बघायला हरकत नाही. संगणक संस्थेचा असेल आणि फायरवॉल किंवा प्रॉक्सी संस्थेने लावलेली असेल, तर इथेच थांबा आणि संगणक विभागाला बोलवा. ती बंद करण्याच्या युक्त्या शोधू नका. त्या भिंतीमागे इतरांचाही डेटा असतो. जाताना पोर्टचा क्रमांक कागदावर लिहून न्या, तेवढ्याने त्यांचं काम सोपं होतं.

५. पीडीएफ युटिलिटी उतरवली आहे का?

लेखक आणि शीर्षक येतं पण हायलाइट नाहीत, आणि दुसऱ्या तपासणीत सगळं ठीक निघालं, तर कारण बहुधा हे. झोटेरो इंटिग्रेशनला पीडीएफमधला मजकूर काढायला एक वेगळं छोटं साधन लागतं. प्लगइन बसवल्यावर त्याच्या सेटिंग्जमध्ये अगदी वरच ते डाउनलोड करायचं बटण असतं. ते दाबायचं राहिलं तरी प्लगइन कुरकुर न करता चालतं, फक्त टिपणं आणत नाही. म्हणून लक्षात येत नाही. अँटीव्हायरसने किंवा मॅकच्या सुरक्षेने ते साधन अडवलं तरी परिणाम तोच.

६. मराठी मजकूर मोडका येतो

इथे मी सावकाश जाणार आहे, कारण आपल्या भाषेतल्या साहित्यावर काम करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि इंग्रजी मार्गदर्शकांत याबद्दल काही सापडत नाही.

चाचणी सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथेही मोडकीच आली तर प्लगइन निर्दोष आहे. जगातलं कुठलंही प्लगइन लावा, मजकूर तसाच येणार.

कारण असं, की पीडीएफमध्ये अक्षरांपेक्षा अक्षरांच्या आकृत्या बसवलेल्या असतात. कुठली आकृती म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारा एक तक्ता फाइलमध्ये असावा लागतो. तो नसेल किंवा अर्धवट असेल, तर पडद्यावर 'वर्षानुवर्षे' छान दिसतं, पण कॉपी केल्यावर रफार गळतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षराच्या जागी चौकोन येतो. दुसरा प्रकार जुन्या डीटीपीचा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत मराठी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या किंवा त्यानंतरच्याही अनेक प्रकाशनांच्या पीडीएफमधून कॉपी केलं की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. तिसरा प्रकार निव्वळ स्कॅनचा. त्यात मजकूरच नसतो, पानाचा फोटो असतो. तिथे शब्द निवडलेच जात नाहीत.

तोटा फक्त दिसण्याचा नाही. ऑब्सिडियनमध्ये 'कुळकायदा' शोधलंत आणि नोटेत तो शब्द मोडका असेल, तर शोधात तो येणारच नाही. हायलाइट आहे, पण हरवलेला.

उपाय मजकूर किती आहे त्यावर ठरवा.

मोजकेच उतारे असतील तर झोटेरोत त्या टिपणाच्या तीन टिंबांच्या मेनूतून एडिट हायलाइटेड टेक्स्ट निवडा आणि मजकूर हाताने नीट लिहा. हे फार कमी जणांना माहीत आहे. दुरुस्ती ऑब्सिडियनमध्ये करू नका, झोटेरोतच करा. मग कितीही वेळा इम्पोर्ट केलं तरी नीटच येतं.

कोष्टक, मोडीतला मजकूर, जुनी जाहिरात, शिलालेखाचा ठसा असेल तर चौकोन आखून भाग निवडायचं साधन वापरा. तो तुकडा चित्र म्हणून येतो. त्याच्या शेजारच्या टिपणात दोनतीन शोधशब्द मात्र नक्की लिहा, नाहीतर चित्र पुन्हा सापडणार नाही. इम्पोर्टच्या सेटिंगमध्ये चित्रांसाठी फोल्डरही नेमून द्या.

अख्खं पुस्तक वाचायचं असेल तर आधी ओसीआर करा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या. टेसरॅक्ट हे मुक्त ओसीआर मराठी ओळखतं, आणि ओसीआरमायपीडीएफ त्याच्या मदतीने पानाच्या फोटोमागे मजकुराचा थर बसवतं. भाषा मराठीच निवडा. हिंदी निवडली तर 'ळ' आणि 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' बिघडण्याची भीती वाढते. आणि क्रम चुकवू नका: आधी ओसीआर, मग हायलाइट. हायलाइट करताना जो मजकूर झोटेरोने टिपला तोच कायम राहतो; नंतर ओसीआर केल्याने जुने हायलाइट सुधारत नाहीत. एका विद्यार्थिनीने दोनशे पानं रंगवून झाल्यावर ओसीआर केलं होतं. तिला सगळं पुन्हा करावं लागलं आणि ते बघताना मलाच वाईट वाटलं. म्हणून हा क्रम मी आता प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते.

पानं वाकडी, शाई फुटलेली, कागद पिवळा पडलेला असेल तर घरच्या ओसीआरवर आठवडे घालवू नका. ज्या ग्रंथालयाचं पुस्तक आहे तिथल्या डिजिटायझेशन विभागाला चांगल्या स्कॅनची विनंती करा. मूळ स्कॅन सुधारल्याशिवाय पुढचं काही सुधारत नाही.

७. पान क्रमांक

नियतकालिकातला लेख पान ११३ वर सुरू होतो आणि नोटेत पान १ येतं. झोटेरो पान क्रमांक स्वतः ओळखायचा प्रयत्न करतं, स्कॅनमध्ये त्याला ते जमत नाही. टिपणावरच्या पान क्रमांकावरून तो बदलता येतो, आणि या पानापासून पुढे सगळीकडे असा पर्यायही मिळतो. पहिला हायलाइट केल्याबरोबर हे करा. प्रबंधाच्या तळटिपा याच आकड्यावर उभ्या राहतात.

८. लिहिलेलं पुसलं गेलं, किंवा नोट दोनदा झाली

झोटेरो इंटिग्रेशनने पुन्हा इम्पोर्ट केलं की नोट नव्याने लिहिली जाते. टेम्प्लेटमध्ये पर्सिस्ट नावाचा भाग आखलेला असेल तर तेवढाच टिकतो. आधी पुसलं गेलेलं परत हवं असेल तर ऑब्सिडियनच्या फाइल रिकव्हरीत जुनी प्रत सापडते का ते ताबडतोब पाहा. ती काही दिवसांपुरतीच जपलेली असते. माझा सल्ला त्याहून सरळ आहे: इम्पोर्ट केलेल्या नोटेत स्वतःचं काही लिहूच नका. स्वतःच्या विचारांची वेगळी नोट करा आणि तिथून दुवा द्या.

नोट दोनदा होते ती सायटेशन की बदलल्यामुळे. नोटेचं नाव कीवरून ठेवलेलं असतं. तुम्ही वर्ष दुरुस्त केलंत तर सायटेशन की बदलू शकते आणि प्लगइनला वाटतं हे नवीनच काहीतरी आलं. की पक्की करून ठेवा. मराठी लेखकांच्या नोंदींना मी की हाताने, रोमन अक्षरांत, आडनाव आणि वर्ष अशी देते.

९. टेम्प्लेट

हे शेवटी ठेवलं आहे, कारण सगळे इथूनच सुरू करतात आणि इथेच अडकतात. इंटरनेटवरून उचललेलं शंभर ओळींचं टेम्प्लेट बाजूला काढा. फक्त शीर्षक आणि हायलाइटचा मजकूर देणारं चार ओळींचं करा. ते चाललं तर दोष तुमच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये आहे. एकेक भाग परत जोडत जा, कुठे मोडतं ते दिसेल. प्लगइनमध्ये डेटा एक्सप्लोरर आहे, त्यात झोटेरोकडून खरोखर काय काय येतंय ते उघडून दाखवतात. अंदाजाने नावं लिहिण्यापेक्षा तिथून पाहून लिहा.

मग प्लगइन कुठलं?

वरचं सगळं तपासल्यावरच हा प्रश्न.

वर्षाला वीसपंचवीस लेख वाचत असाल तर कुठलंच नको. झोटेरोत नोंदीवर राइट क्लिक करून ॲड नोट फ्रॉम ॲनोटेशन्स करा आणि ती नोट मार्कडाउनमध्ये, म्हणजे ऑब्सिडियन वापरतं त्या साध्या मजकुराच्या रूपात, एक्सपोर्ट करा, झोटेरोचे दुवे ठेवून. दुव्यावर क्लिक केलं की थेट त्या पानावर जाता येतं. मोडण्यासारखं यात काही नाही. एम. ए. च्या मुलांना मी हेच देते.

शेकडो लेख असतील, सगळ्या नोट्स एकाच साच्यातल्या हव्या असतील, रंगांप्रमाणे वर्गवारी हवी असेल, तर झोटेरो इंटिग्रेशन. पिवळा म्हणजे युक्तिवाद, लाल म्हणजे मतभेद असं तुम्ही आधी ठरवलेलं असेल तरच त्याचा खरा उपयोग होतो.

लिहिताना शेजारच्या पट्टीत हायलाइट दिसावेत आणि हवा तो उचलून परिच्छेदात टाकावा अशी पद्धत असेल, तर झॉटलिट. ते झोटेरोचा डेटाबेस थेट वाचतं. त्यामुळे झोटेरोचं डेटा फोल्डर दुसरीकडे हलवलं असेल तर त्याला नवी जागा सांगावी लागते. डेटाबेस वाचायला त्यालाही एक वेगळा भाग उतरवावा लागतो आणि तो ऑब्सिडियनच्या आवृत्तीशी जुळावा लागतो.

आणि टिपणं मुख्यतः झोटेरोतच लिहीत असाल, तर झोटेरोच्या बाजूचं बेटर नोट्स पाहा. ते नोट्स मार्कडाउन फोल्डरशी जुळवून ठेवतं.

कुठलंही निवडा, बसवण्याआधी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली ते बघा. आणि एकाच फोल्डरमध्ये लिहिणारी दोन प्लगइनं एकदम ठेवू नका.

इथे थांबा

झोटेरो उघडतानाच डेटाबेस खराब असल्याचा संदेश आला, किंवा सेटिंग्जमधली डेटाबेस इंटिग्रिटी तपासणी नापास झाली, तर प्लगइनचा विषय तिथेच संपतो. झोटेरो बंद करा, फोल्डरची आहे तशी प्रत घ्या आणि त्यात काही पुसू नका. झोटेरोचं स्वतःचं डेटाबेस दुरुस्तीचं साधन आहे; त्यानेही जमलं नाही तर हेल्प मेनूतून रिपोर्ट एरर्स करा, मिळणारा क्रमांक जपा आणि झोटेरोच्या मदतगटात तो क्रमांक देऊन विचारा. डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमध्ये ठेवलेलं असेल तर हे आधी सांगा. असं ठेवू नये असं झोटेरो स्वतःच बजावतं, कारण त्याने डेटाबेस बिघडतो. त्याऐवजी झोटेरोचं सिंक चालू ठेवा. नोंदी आणि टिपणांच्या सिंकला पैसे पडत नाहीत. फुकट मिळणारी ३०० एमबीची मर्यादा फक्त जोडलेल्या फाइलींना आहे.

हार्डडिस्क आवाज करत असेल, फाइली उघडायला तासन्‌तास लागत असतील, तर लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. अशा वेळी दहा वेळा इम्पोर्ट करून बघणं म्हणजे उरलेलंही घालवणं.

आणि प्रबंध जमा करायला दोन आठवडे उरले असतील तर यातलं काहीच करू नका. झोटेरोतून नोट एक्सपोर्ट करा, हवे ते उतारे हाताने चिकटवा आणि लिहायला बसा. प्लगइनचं आपण तोंडी परीक्षा झाल्यावर पाहू.